दादा, "गर्भपातमुक्त तालुका" हे वचन मागे घ्या

प्रति,
आमच्या मतदारसंघातले उमेदवार आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीचे माजी सभापती यांस

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाचा प्रचार करायचा नाही आणि कुणाला पाडायचंही नाही, आणि हे तुमच्यापर्यंत पोचणार हे मला माहीत आहे, तुमचे कार्यकर्ते आमच्या सगळ्या गावांच्या ग्रुपवर आहेत. पण हे फक्त तुमच्यासाठी लिहीत नाही, तालुक्यातल्या बायकांनी आणि त्यांच्या घरातल्या माणसांनीही वाचावं म्हणून उघड लिहितेय.

तुमचा वचननामा घरी आला. रस्ते, पाणी, शाळा सगळं वाचलं. मग "लेक वाचवा" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं पान आलं आणि त्याच्या खाली तीन वाक्यं. तालुका पूर्ण गर्भपातमुक्त करणार. गर्भपात करणारी सगळी सेंटर बंद पाडणार. नवऱ्याच्या आणि सासरच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही दवाखान्यात बाईला यासाठी दाखल करून घेऊ देणार नाही. मागच्या आठवड्यातल्या सभेतही तुम्ही हेच बोललात, मी तिथं होते. टाळ्या पडल्या. मला रात्रभर झोप आली नाही.

मी नर्स होते. मिरज तालुक्यात म्हैसाळ, बेडग, आरग या पट्ट्यातच माझी सगळी नोकरी गेली, उपकेंद्रात आणि पुढं पीएचसीत. लसीकरण, बाळंतपण, तांबी बसवणं, ऑपरेशनच्या केसेस घेऊन जाणं, आणि पाळी चुकली म्हणून रडत आलेल्या बायकांचं ऐकून घेणं हे सगळं केलंय. त्यामुळं या विषयावर बोलायचा माझा हक्क आहे असं मला वाटतं.

मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याच्या काठी जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले तेव्हा मी ड्युटीवर होते. टीव्हीवाले आले, पुढारी आले, मोर्चे निघाले, सगळ्या देशात आपल्या गावाचं नाव गेलं. त्या आधी एक तरुण बाई, जिला आधीच मुली होत्या, गावातल्या एका दवाखान्यात गर्भपात करताना मेली म्हणून हे उघड झालं, नाहीतर अजून किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक. आम्हा नर्सांना तेव्हा लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, तुम्हाला कसं माहीत नव्हतं ओ? तो प्रश्न मला अजून टोचतो. म्हणून लेक वाचली पाहिजे हे कुणी मला पटवून द्यायची गरज नाही. पण तुम्ही सभेत म्हैसाळचं नाव घेऊन, गर्भपाताची सेंटर बंद केली की असं परत होणार नाही, असं जे सांगितलंत ते चुकीचं आहे, आणि माहीत असून सांगितलं असेल तर जास्त वाईट आहे.

म्हैसाळला जे झालं ते कायद्यानं परवानगी असलेल्या केंद्रात झालंच नाही. तो डॉक्टर होमिओपॅथीचा होता, गर्भपात करायचा अधिकार त्याला नव्हताच. सोनोग्राफी करून मुलगी आहे असं सांगणं हा दुसऱ्या, गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्यानं गुन्हा. तिथं दोन्ही कायदे मोडले गेले. तुम्ही कायदेशीर केंद्रं बंद केलीत तर त्या डॉक्टरला काय फरक पडला असता? उलट त्याच्याकडं गर्दी वाढली असती, कारण दुसरीकडं जायला जागाच नाही.

आणि दादा, त्या केसमध्ये गुन्हा कुणाकुणावर दाखल झाला ते आठवतंय का? त्या बाईच्या नवऱ्यावरपण झाला. आता तुमच्या वचननाम्यातलं तिसरं वाक्य परत वाचा. नवऱ्याची आणि सासरची लेखी संमती. जे घर मुलगी नको म्हणून सुनेला गाडीत घालून चेक करायला नेतं त्या घराला सही द्यायला काय अडचण येणार आहे, ते तर हसत हसत सही देतील. अडकणार कोण, तर ज्या बाईचं घर तिचं ऐकत नाही ती. मुलगी आहे म्हणून काढायला निघालेल्यांना तुम्ही वाट मोकळी करून देताय आणि जिला खरी गरज आहे तिच्या तोंडावर दार लावताय.

कायदा काय सांगतो तेही लिहिते, कारण सभेत तुम्ही "सरकारनं ढील दिली" असं म्हणालात. १९६४ साली सरकारनं एक समिती नेमली, अध्यक्ष शांतीलाल शहा, आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. तेव्हा गावोगावी बायका काड्या घालून, जडीबुटी खाऊन, सुईणीकडं जाऊन मरत होत्या, ते थांबावं म्हणून त्या समितीनं शिफारस केली आणि गर्भपाताचा १९७१ चा कायदा आला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. म्हणजे हा कायदा बाईचा जीव वाचावा म्हणून आलाय. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ते ठराविक बायकांसाठी, म्हणजे बलात्कार झालेली, अठराच्या आतली, अपंग, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, बाळात गंभीर दोष असलेली. त्याच्या पुढं बाळात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड, आणि त्या बोर्डानं अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असं नियमात आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लग्न न झालेल्या बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क आहे. आणि संमती? अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही, बास. नवऱ्याची नाही, सासूची नाही, सरपंचाची नाही. कायद्यात जे नाही ते तुम्ही आमदार होऊन कुठल्या अधिकारानं लावणार?

विधवेचं बघा. ऊसतोडीला गेलेला नवरा ट्रॅक्टरखाली सापडला, घरात दोन लेकरं आणि पोटात तिसरं, अशी बाई मी बघितलीय. तिच्या फॉर्मवर नवऱ्याची सही कुणी करायची? सासरचे म्हणणार ठेव, आमच्या वंशाचं आहे, आणि चार महिन्यांनी तिलाच घराबाहेर काढणार, हेही मी बघितलंय. तुम्ही दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालता, फोटो टाकता. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. जोतिबा आणि त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण दिवस गेलेल्या विधवेला तेव्हा कुठंच जागा नव्हती. त्यांनी तिला दार उघडून दिलं, आधी सासरची चिठ्ठी आण म्हणाले नाहीत.

आता तुमच्या सभापतीपदाच्या काळाबद्दल, कारण मत मागताना तुम्ही ती अडीच वर्षं "आरोग्याचं सुवर्णकाम" म्हणून सांगताय.

तुमच्या काळात तोंडी आदेश आले की गरोदर म्हणून नोंद झालेल्या आणि पुढं बाळंतपणाची नोंद न सापडलेल्या बायकांची यादी करा. यादी करायला हरकत नव्हती, ते आमचं कामच होतं, पण ती यादी नावं आणि गाव टाकून ग्रुपवर फिरली. त्यात काही बायकांचं मूल आपोआप पडलेलं होतं. एकीचं पाचव्या महिन्यात गेलं होतं, ती आधीच खचलेली, आणि गावात तिच्याकडं लोक बोट दाखवायला लागले की हिनं पाडलं. २०२१ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे, गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरनं बाहेर सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही सभापती होता, तुम्हाला हे माहीत असायला पाहिजे होतं. त्या बाईकडं आजपर्यंत कुणी माफी मागायला गेलेलं नाही.

मग गोळ्यांचं. पाळी चुकल्यावर, शेवटच्या पाळीपासून मोजून नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली गर्भपाताच्या गोळ्या देता येतात, देशात त्या २००२ पासून अधिकृत आहेत. २०१२ ला बीड जिल्ह्यातल्या परळीत एका डॉक्टरच्या दवाखान्यात गर्भपात करताना बाई मेल्याचं प्रकरण झालं आणि त्यानंतर महाराष्ट्रभर मेडिकलवर इतक्या धाडी पडल्या की मेडिकलवाल्यांनी त्या ठेवणंच सोडून दिलं. त्यांचीपण चूक नाही, कोण लफडं घेईल. तुमच्या बैठकीतही "एक गोळी दिसली तर लायसन घालवतो" असंच बोललं गेलं. आता साधा हिशेब सांगते. नऊ आठवड्यांत सोनोग्राफीत मुलगा का मुलगी दिसतच नाही. त्याला पुढचे आठवडे लागतात, आणि म्हैसाळला जे झालं ते उशिराचे महिने होते. म्हणजे सहा-सात आठवड्यांत येणारी बाई मुलगी आहे म्हणून येत नाही. ती येते कारण आधीचं लेकरू अजून अंगावर पितंय, तांबी सरकली, नवरा निरोध वापरत नाही, डॉक्टरनं सांगितलंय की तिसऱ्या सिझरला पिशवी टिकणार नाही. तिला लवकर गोळ्या मिळाल्या तर ती दोन दिवसांत कामाला लागते. नाही मिळाल्या तर ती थांबते, पैसे जमवते, कुणाला तरी विचारते, आणि तोपर्यंत महिने वाढतात. लवकर होणारं सोपं काम तुम्ही उशिराचं आणि धोक्याचं करून ठेवलंत.

हे माझ्या घरातही झालंय. माझी भाची, पहिलं बाळ सात महिन्यांचं, परत दिवस राहिले. सहावा आठवडा. दवाखान्यात गेली तर नवऱ्याला घेऊन ये, त्याची सही पाहिजे. नवरा ट्रकवर, गुजरातकडं. पुढच्या आठवड्यात गेली तर मॅडम रजेवर. मग सांगितलं आमच्याकडं हे बंद आहे, वरून ऑर्डर आहे. ऑर्डर दाखवा म्हणाली तर कुणी दाखवली नाही. लाजेनं तिनं मलाही सांगितलं नाही, दुसऱ्या गावातल्या एका माणसाकडून पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या आणल्या, त्या कसल्या होत्या आजपर्यंत माहीत नाही. अंगावरून इतकं गेलं की रात्री तिला उचलून न्यावं लागलं, रक्त चढवलं, पिशवी साफ केली. वाचली. पण वाचली ती नशिबानं, आणि एका सरकारी डॉक्टरबाईनं एकही वाकडा प्रश्न न विचारता रात्रभर उभं राहून काम केलं म्हणून.

जतच्या पूर्व भागातल्या बाईचं तर काय बोलायचं. उमदी, संख तिकडून सांगलीला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, एक दिवस मजुरी बुडते, घरात काय सांगून निघायचं हा वेगळाच प्रश्न. तुम्ही सभापती असताना तिथल्या किती डॉक्टरांना याचं ट्रेनिंग दिलं गेलं? सरकारी दवाखान्याला या कामासाठी वेगळी मान्यता काढावी लागत नाही, कायद्यातच ती आहे. फक्त शिकलेला डॉक्टर, सामान आणि वरून धमकी न येणं एवढं लागतं.

आणि जिथं खरंच कडक व्हायला पाहिजे होतं तिथं तुम्ही गप्प होता, हे सगळ्यात जास्त लागतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, १९८८ ला, केंद्राचा १९९४ चा त्याच्यानंतर. तरी २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८५१ मुली होत्या. ऊस आहे, द्राक्षं आहेत, बंगले आहेत, आणि मुली नाहीत. शेजारच्या साताऱ्यात २०११ ला जिल्हा परिषदेनं २८५ मुलींची नावं बदलून दिली, सगळ्यांची नावं नकुशी, नकुसा अशी होती, आणि त्या पोरींनी आपल्या हातानं नवीन नाव निवडलं. ती मोहीम मला फार आवडली होती, कारण त्यात त्या मुलींना आणि त्यांच्या आयांना कुणी गुन्हेगार केलं नाही. तुमच्या काळात सोनोग्राफी सेंटरचे एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या नोंदी, कुणी तपासले, किती केसेस कोर्टात टिकल्या, हद्दीपलीकडं कागवाड, विजापूरकडं जाऊन चेक करून आणणाऱ्यांसाठी कर्नाटकच्या अधिकाऱ्यांशी काय बोलणं झालं, यातला एक प्रश्नही तुम्ही बैठकीत विचारल्याचं मी ऐकलं नाही. सोनोग्राफीवाले मोठी माणसं, त्यांच्याशी ओळखी असतात. गरीब बाईला दरडावणं सोपं असतं, तिचं कुणी नसतं.

शाळेतल्या पोरींचंही लिहिते, थोडक्यात, कारण लिहिताना हात थरथरतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, घरातल्याच कुणीतरी केलेलं, आई तिला घेऊन येते आणि पहिला प्रश्न विचारते, नाव कुठं जाईल का? सुप्रीम कोर्टानं त्याच २०२२ च्या निकालात सांगितलंय की अशा मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरला पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे आपल्या तालुक्यातल्या किती दवाखान्यांत माहीत आहे? तुमच्या वचननाम्यात या मुलीसाठी एक ओळ नाही.

गर्भपात हे पाप आहे असं मानणारी माणसं माझ्या घरातही आहेत, माझ्या आईला तसंच वाटायचं. त्यांच्यावर कुणी सक्ती करत नाही आणि करूही नये. मलाही ते काम करताना कधी बरं वाटलं नाही, बायकांनाही वाटत नाही, कुणी हौसेनं येत नाही. पण तुम्हाला काय वाटतं त्यावर तुमच्या घरचं चालवा. तालुक्यातल्या बायकांचं कायद्यानं चालेल.

तर माझ्या मागण्या.

१. "गर्भपातमुक्त तालुका" हे वचन मागे घ्या. छापलेलं आहे म्हणून चालणार नाही, सभेतून स्पष्ट सांगा की लिंग तपासून केलेला गर्भपात हा गुन्हा आहे आणि कायद्यात बसणारा गर्भपात हा बाईचा हक्क आहे.

२. नवऱ्याच्या आणि सासरच्या संमतीची भाषा बंद करा. प्रत्येक सरकारी दवाखान्यात मराठीत बोर्ड लावायला लावू असं लिहून द्या: अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही पुरेशी आहे.

३. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात आणि पीएचसीत ट्रेनिंग झालेला डॉक्टर, गोळ्या आणि सामान कायम असेल, आणि कुठल्या वारी कुठं सोय आहे हे आशाताईंना माहीत असेल, याची जबाबदारी घ्या. सोबत दिवस राहू नयेत म्हणून लागणारी तांबी, अंतरा इंजेक्शन, गोळ्या, निरोध यांचा साठा संपू देऊ नका, आणि नसबंदीला पुरुषांनाही पुढं आणा, सगळा भार बाईच्याच पोटावर का? निम्म्या बायकांना तर गर्भपाताची वेळच येणार नाही असं मला माझ्या नोकरीवरून वाटतं.

४. सोनोग्राफी सेंटरची तपासणी, बंद पडलेल्या केसेसचा पाठपुरावा आणि बेळगाव, विजापूर जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांसोबत ठरलेल्या तारखेला बैठक. निवडून आलात तर पहिल्याच अधिवेशनात यावर प्रश्न विचारा.

५. त्या यादीबद्दल माफी. जाहीर नको, परत त्या बायकांची नावं चर्चेत यायला नकोत. ज्या गावात ती फिरली तिथल्या ग्रुपवर एवढंच लिहा की असली यादी टाकणं चुकीचं आणि बेकायदा होतं, परत कुणी टाकली तर मी स्वतः तक्रार करीन.

बाकीच्या उमेदवारांनाही माझे हेच प्रश्न आहेत, त्यांनी वचननाम्यात या विषयावर काहीच लिहिलेलं नाही म्हणून ते सुटले असं समजू नये.

तुमची शेवटची सभा प्रचार संपायच्या आदल्या दिवशी आमच्याच भागात आहे असं पत्रकावर दिलंय. मी आणि माझ्यासोबत काम केलेल्या आशा, नर्सा, अंगणवाडीच्या बाया पुढच्या रांगेत बसणार आहोत. आम्ही घोषणा देणार नाही, सभा उधळणार नाही. वरच्या पाच मुद्द्यांवर हो किंवा नाही एवढं माईकवरून सांगा. जे सांगाल ते आम्ही गावागावात जसंच्या तसं पोचवू.

आपली,
एक निवृत्त नर्स
मिरज तालुका, जि. सांगली